ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

ग्रामीण भिवंडीतल्या छोट्या उद्योजकांचं संगणक प्रशिक्षण आणि त्यासाठी निधी मागण्याची आपली तयारी

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुटल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी मला भेटायला आली. पडघ्याच्या पुढच्या एका गावात राहते. घरात दोन शिलाई मशिनी, हाताखाली दोन पोरी, आणि भिवंडीतल्या एका व्यापाऱ्याकडून लहान मुलींचे फ्रॉक शिवण्याचं जॉबवर्क. तिला जुकी मशिन घ्यायची होती, म्हणून बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. बँकेनं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. ते तिच्याकडे होतं. नाक्यावरच्या एका सायबरवाल्यानं पाचशे रुपये घेऊन काढून दिलेलं. पण साहेबांनी कागद बघितला आणि परत केला. व्यवसायाच्या रकान्यात किरकोळ विक्री लिहिलेलं होतं, शिलाईचा कुठे उल्लेखच नाही.

दुरुस्ती करायला आम्ही दोघी बसलो. पोर्टलनं ओटीपी पाठवला, पण तो तिच्या फोनवर आलाच नाही. नोंदणीत मोबाईल नंबर सायबरवाल्याचा, ईमेलही त्याचाच. आणि त्याला दुकान बंद करून गावी जाऊन सहा महिने झालेले. ती म्हणाली, "टीचर, कागद माझ्या नावाचा, पण चावी दुसऱ्याच्या खिशात."

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. तिला एक रुपयाही फी नाही. आधार, पॅन आणि फोन हाताशी असले की घरबसल्या होते. ही बाई अडाणी नाही. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकली आहे, व्हॉट्सअॅपवर व्यापाऱ्याला डिझाइनचे फोटो पाठवते, गूगल पेवर पैसे घेते. तिला फक्त एवढंच कुणी सांगितलं नव्हतं की फॉर्ममध्ये नंबर स्वतःचा टाकायचा असतो. त्या एका नंबरापायी तिचं कर्ज अडकलं आणि दिवाळीचा सीझन हातचा गेला.

आपल्या समाजात संगणक शिक्षणाची चर्चा पुष्कळ होते. पण ती बहुतेक मुलांच्या नोकरीपुरती असते. धंदा करणाऱ्या गरीब माणसाला काय यायला हवं, ते शिकवायला पैसा कुठून आणायचा आणि तो मागताना आपण कुठे कमी पडतो, यावर फार कमी बोललं जातं. हा लेख त्यासाठी.

धंदाच ऑनलाइन गेला

भिवंडी म्हटलं की लोकांना पॉवरलूम आठवतो. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत ७,०९,६६५ लोक. पण शहराभोवती मोठा ग्रामीण तालुका आहे. पडघा-बोरिवली, महापोली, खोणी, अनगाव, खारबाव या पट्ट्यात आपली कोकणी मुस्लिम घरं आहेत, आगरी, कुणबी, आदिवासी शेजारी आहेत. कुणी चार लूम चालवतो, कुणाचा म्हशींचा तबेला आहे, कुणी छोटा हत्ती टेम्पो घेऊन माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत भाडं मारतो, कुणी घरी पापड, मसाला, तांदळाची भाकरी करून विकते.

या सगळ्यांचा धंदा गेल्या काही वर्षांत त्यांना न विचारता ऑनलाइन गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आलं, त्यात गाडीचा नंबर चुकला तर टेम्पो रस्त्यात अडतो. यंत्रमागाच्या वीज सवलतीला ऑनलाइन नोंदणीची अट लागली. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा आपल्या किती बहिणी सायबरच्या बाहेर रांगेत उभ्या होत्या ते आपण पाहिलंच.

गोदामात रोज दोनशे भाकऱ्या लागतात. पण कॅन्टीनवाला म्हणतो, ईमेलवर बिल पाठवा, बँक खात्यात पैसे देतो. बिल बनवता येत नाही म्हणून मधला माणूस येतो. तो बिल बनवतो आणि भाकरीमागे आपला हिस्सा काढून घेतो. चुलीसमोर बसणारी बाई मात्र तिथेच राहते.

सरकारच्याच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे २०१७-१८ चे आकडे बघा. देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत. पाच वर्षांवरच्या ग्रामीण लोकांपैकी संगणक चालवता येणारे ९.९ टक्के, शहरात ३२.४ टक्के. त्यानंतर मोबाईल घरोघर पोचला हे खरं. पण रील बघता येणं वेगळं आणि उद्यमचा फॉर्म स्वतः भरता येणं वेगळं.

सहा कोटींना शिकवलं, मग अडलं कुठे?

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं. ग्रामीण भागातल्या ६ कोटी घरांतून प्रत्येकी एक माणूस शिकवायचा, वय १४ ते ६०, प्रशिक्षण २० तासांचं आणि मोफत. मंजूर खर्च २,३५१ कोटी रुपयांच्या वर. ३१ मार्च २०२४ रोजी योजना संपली तेव्हा ६.३९ कोटी लोकांना शिकवल्याची आणि ४.७८ कोटी लोकांना प्रमाणपत्र मिळाल्याची नोंद झाली.

आकडा मोठा आहे. पण हिशेब कशाचा ठेवला गेला ते बघा. उमेदवार परीक्षा पास झाला की केंद्राला एका माणसामागे ३०० रुपये मिळायचे. म्हणजे केंद्राचा फायदा परीक्षा पास करवण्यात. तो माणूस सहा महिन्यांनी स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो का, हे विचारायला कुणी परत येत नव्हतं. वीस तासांत माऊस धरायला शिकता येतं, ईमेल उघडता येतो. पण बँकेनं फाईल परत केली, पोर्टलनं अर्ज नाकारला, पासवर्ड विसरला, अशा वेळी कुणाला विचारायचं? त्याची सोय त्या पैशात नव्हती.

मी वर्गात रोज बघते. मूल परीक्षेत गणित सोडवतं आणि दुकानात सुट्टे पैसे मोजताना चुकतं. शिकवलेलं हातात उतरायला कुणीतरी बाजूला बसावं लागतं. मोठ्या माणसांचंही तसंच आहे.

याच देशात दुसरी पद्धतही आहे. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँकेला सोबत घेऊन बेरोजगार ग्रामीण तरुणांसाठी रुडसेटी ही संस्था काढली. थोड्या दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. किती जण शिकले यापेक्षा किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले, याची मोजदाद. ही पद्धत केंद्र सरकारला पटली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांमार्फत आरसेटी उभ्या राहिल्या. निधी मागताना आपण हा नमुना समोर ठेवायला हवा.

नेमकं शिकवायचं काय?

एक्सेलची जाडजूड पुस्तकं नकोत. एमएस-सीआयटी चांगला कोर्स आहे, २००१ पासून महाराष्ट्रात चालतो, नोकरीसाठी उपयोगी पडतो. पण टेम्पोवाल्याला आणि शिलाईवालीला ही कामं यायला हवीत:

• स्वतःचा ईमेल उघडणं, पासवर्ड सांभाळणं, ओटीपी कुणालाही न सांगणं.
• उद्यम नोंदणी स्वतःच्या नंबरवर करणं, चूक असेल तर दुरुस्त करणं.
• साधं बिल बनवणं, रोजचा जमाखर्च लिहिणं.
• ई-वे बिल वाचता येणं, गाडीचा नंबर तपासणं.
• सरकारी योजनेचा अर्ज भरणं आणि तो कुठे अडलाय ते पोर्टलवर बघणं.
• मालाचा फोटो नीट काढणं, वजन, माप, किंमत लिहून ऑनलाइन विकणं.
• खोटी लिंक, खोटा क्यूआर कोड आणि बनावट कर्ज अॅप ओळखणं.

ऑनलाइन विक्रीबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नाही. पूर्वी ई-कॉमर्सवर माल विकायचा तर छोट्या विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरलेल्या मर्यादेखालची उलाढाल असणाऱ्याला, राज्याच्या आतच माल विकायचा असेल, तर पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी करून तो विकता येतो. घरी मसाला करणाऱ्या बाईसाठी हा दरवाजा उघडा आहे, पण त्याची खबर तिच्यापर्यंत पोचलेली नाही.

भाषेचाही विचार हवा. आपल्या बऱ्याच बहिणी उर्दू माध्यमात शिकलेल्या. सरकारी फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत. म्हणून समजावणं उर्दूत, कोकणीत, आणि सराव मराठी फॉर्मवर, असं केलं तर जमतं. "अर्जदार", "व्यवसायाचा प्रकार", "पत्ता", "हमीपत्र" असे तीस-चाळीस शब्द पक्के झाले की फॉर्मची निम्मी भीती जाते. मी हे घरच्या ओट्यावर बायकांना शिकवून बघितलं आहे.

पैसा कुठे आहे?

आता मुद्द्याचं. या कामाला पैसा मिळू शकतो अशी निदान पाच ठिकाणं आहेत.

पहिलं, आरसेटी. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. आरसेटीत शिवणकामापासून संगणकावरच्या हिशेबापर्यंत कोर्स असतात, राहणं-खाणं मोफत. गावातून एका कामाचे पंचवीस-तीस इच्छुक नावानिशी यादी करून गेले, तर बॅचची मागणी करता येते. एकट्यानं जाऊन चौकशी करणं आणि यादी घेऊन जाणं यात फरक पडतो.

दुसरं, पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली योजना, १८ पारंपरिक कामं. त्यात शिंपी, गवंडी, सुतार, लोहार, न्हावी, धोबी आहेत. पॉवरलूम नाही, हे लक्षात ठेवा. पाच ते सात दिवसांच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज. त्या प्रशिक्षणात डिजिटल व्यवहारही शिकवतात. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. म्हणजे सरपंचाशी बोलणं आलंच.

तिसरं, खुद्द आपली ग्रामपंचायत. याकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडूनही मुली-महिलांसाठी संगणक प्रशिक्षणाच्या योजना निघतात. भिवंडी तालुक्यात गोदामांच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना घरपट्टीचं उत्पन्न आहे. त्यातले १० टक्के कशावर खर्च झाले, हे विचारायचा हक्क प्रत्येक ग्रामस्थाला आहे आणि ते विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्यातले किती जण, त्यातही किती बायका, ग्रामसभेला जातात? पुढच्या वर्षाच्या आराखड्यात नाव नसेल तर पैसा येणार कुठून?

चौथं, कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. मोठमोठ्या कंपन्यांची गोदामं आपल्या शेतांना लागून उभी आहेत. त्यांचे ट्रक आपल्याच रस्त्यांवरून जातात. मागणीला आधार आहे.

पाचवं, अल्पसंख्याकांसाठीच्या संस्था. इथे आपलं नुकसानही झालं आहे. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन १९८९ पासून होतं, ते बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. "सीखो और कमाओ", "नई मंजिल" अशा पाच योजना एकत्र करून पीएम विकास ही एकच योजना केली गेली. दुसरीकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे मार्टी, स्थापन करण्याचा निर्णय झाला. मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं भागभांडवल ७०० कोटींवरून १,००० कोटी करण्याचंही ठरलं. मार्टीनं फक्त स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवून थांबू नये, गावातल्या धंदेवाल्यांसाठीही कार्यक्रम घ्यावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी लावून धरली पाहिजे. आणि त्यांना ती करायला आपण लावलं पाहिजे.

जकातीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. भिवंडीत कोकणी घरं बहुतेक शाफई, मोमीन घरं बहुतेक हनफी. हनफी मसलकात तमलीकची अट आहे, म्हणजे जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा व्हायला हवा. त्यामुळे जकातीतून थेट संगणक लॅब उभारणं अडचणीचं ठरतं. पण गरजू बाईच्या हातात फीची रक्कम देणं आणि तिनं ती स्वतः भरणं, ही वेगळी बाब आहे. लॅबसाठी, शिक्षकाच्या पगारासाठी इमदाद किंवा सदका वेगळा जमवावा. आपापल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाका, आणि दोन्ही पैशांचे हिशेब वेगळे ठेवा. रमजानमध्ये रेशन किट वाटणाऱ्या कमिट्यांनी दहा किटमागे एका बाईची फी बाजूला काढली, तरी पुढच्या रमजानला ती बाई किट घेणाऱ्यांच्या रांगेत नसेल, अशी आशा ठेवता येईल.

आम्ही कुठे हरलो

तीन वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक आणि जमातचे दोन-तीन तरुण मिळून एका कंपनीकडे निधी मागायला गेलो होतो. अर्ज एक पानाचा. वीस संगणक, एसी, फर्निचर द्या, एवढंच लिहिलेलं. समोरच्या मॅडमनी आदरानं बसवलं आणि विचारलं, १२ए आहे? ८०जी आहे? सीएसआर-१ क्रमांक? तीन वर्षांचा ऑडिट? असंच काम केल्याचा तीन वर्षांचा अनुभव? आमच्याकडे फक्त संस्थेची नोंदणी होती. आम्ही बाहेर आलो आणि रस्ताभर म्हणत राहिलो, आपल्याला कोण देणार. भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी भेदभाव झाला नव्हता. आमचे कागद पूर्ण नव्हते. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय कंपनी संस्थेमार्फत खर्च करूच शकत नाही, आणि बाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या अनुभवाची अट आहे. नियम सगळ्यांना सारखा होता.

दुसरी चूक मागणीतली. आम्ही सामान मागितलं, शिकवणारा माणूस मागितलाच नाही. आता बसून हिशेब केला तो असा. दहा वापरलेले लॅपटॉप, प्रत्येकी अंदाजे १५,०००, म्हणजे १,५०,०००. एका शिक्षकाचं मानधन दरमहा १५,०००, सहा महिन्यांचे ९०,०००. घरोघरी जाऊन अडचण सोडवणारी एक ताई, दरमहा ८,०००, सहा महिन्यांचे ४८,०००. इंटरनेट आणि वीज दरमहा २,०००, म्हणजे १२,०००. एकूण ३ लाख रुपये. सहा महिन्यांत वीस जणांच्या तीन बॅच, साठ माणसं. माणशी ५,०००. पुढच्या सहामाहीत लॅपटॉप असतीलच, म्हणजे माणशी २,५००. एसी नको. आणि खोली? शाळांच्या संगणक खोल्या संध्याकाळी आणि मे महिन्यात कुलूपबंद असतात.

यातली ताईची ओळ कुठलाही देणारा आधी कापायला बघेल. तीच कापू देऊ नका. ज्या दिवशी पोर्टल अर्ज नाकारेल त्या दिवशी तीच कामाला येणार आहे.

आता काय करायचं?

नवी संस्था काढायची घाई नको. आपल्याकडे रईस हायस्कूल चालवणाऱ्या कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीसारख्या जुन्या शिक्षणसंस्था आहेत. ज्या संस्थेचे कागद आणि ऑडिट पूर्ण आहेत, तिला पुढे करा. जमातनं माणसं जोडावीत, गावाची यादी द्यावी. यादीत शेजारच्या आगरी, आदिवासी बहिणींची नावंही असू द्या. अडचण सगळ्यांची एकच आहे, आणि सगळ्यांची मिळून मागणी गेली तर ग्रामसभेत तिला वजन येतं.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा. किती जण आले यापेक्षा किती जणांनी स्वतः उद्यम नोंदणी केली, किती बिलं बनली, किती कर्जाच्या फाईली पुढे सरकल्या, किती जण मधेच सुटले आणि का, हे लिहा. ती वहीच तीन वर्षांनी तुमचा अनुभवाचा दाखला होईल. आम्ही तीन वर्षांपूर्वी ओट्यावरचीच वही ठेवली असती, तर आज हातात काहीतरी असतं.

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. पुढच्या सभेला एक अर्ज घेऊन जा: महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून संगणक प्रशिक्षण, सोबत तीस जणींची सह्यांची यादी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

ती शिलाईवाली बहीण अजून त्याच दोन मशिनींवर फ्रॉक शिवते. तिच्या नोंदणीची तक्रार आम्ही ऑनलाइन टाकली आहे, पाठपुरावा चालू आहे. या वेळी फॉर्ममध्ये नंबर तिनं स्वतः टाईप केला. मी फक्त बाजूला बसले होते. हळूहळू एकेक आकडा दाबत होती, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. मग फोन वाजला. ओटीपी तिच्या फोनवर आला होता.